रक्त पातळ करायच्या गोळ्यांची केस फार्मसीच्या पोरांना कशी शिकवायची : सोलापूरच्या वॉर्डात आणि मेडिकलच्या काउंटरवर

आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, बहुतेकांना २ ते ३ हवा असतो) ४.८ आलाय, आता काय करायचं, असं चौथ्या वर्षाच्या पोरांना विचारलं की बहुतेक जण लगेच सांगतात, मॅडम डोस कमी करायचा. किती टक्के ते पण सांगतात, कारण तक्ता पाठ असतो. पण त्या पेशंटला मागच्या आठवड्यात जुलाब झाले होते, त्यानं मेडिकलमधून ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी नेली होती आणि तीन दिवस नुसत्या ताकावर काढले होते, हे कुणी विचारलेलंच नसतं. ती पट्टी संपली, भाकरी सुरू झाली की आयएनआर आपोआप खाली येणार, आणि त्यात आपण कायमचा डोस पण कमी करून ठेवला असेल तर तो २ च्या पण खाली जाणार, आणि पेशंटच्या हृदयात मेटलची झडप असेल तर तिच्यावर गुठळी धरायला तेवढं पुरतं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, पोरांना आधी प्रश्न विचारायला शिकवा, डोसचा हिशोब नंतर. आपल्याकडं शिकवण्याचा क्रम नेमका उलटा आहे. हा लेख फार्म डी ला (फार्मसीच्या डॉक्टरेट कोर्सला) शिकवणाऱ्यांसाठी आहे, वॉर्डात पोरांना घेऊन फिरणाऱ्या प्रीसेप्टरसाठी आहे, आणि जे मेडिकलवाले ट्रेनिंगला पोरं घेतात त्यांच्यासाठी तर नक्कीच आहे, कारण यातल्या निम्म्या गोष्टी काउंटरवरच घडतात.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी पोरांच्या डोक्यात बसवा. डोस बदलायचा निर्णय डॉक्टरांचा. आपण माहिती गोळा करतो, हिशोब मांडतो, सुचवतो, पेशंटला समजावतो. पोरानं पेशंटला परस्पर "आजपासून अर्धीच घ्या" असं सांगायचं नाही, कितीही हुशार असू दे.

पायरी १ : आपला पेशंट कोण आहे ते दाखवा

परदेशी पुस्तकं उघडली की त्यातला पेशंट पंचाहत्तर वर्षांचा, एट्रियल फिब्रिलेशनवाला (हृदयाचे ठोके अनियमित पडणारा), अपिक्साबॅनसारखी नवी गोळी घेणारा असतो. असे पेशंट आपल्याकडं पण आहेत आणि वाढतायत. पण सोलापूरच्या वॉर्डात उभं राहिलं की तिशी-पस्तिशीतली बाई पण भेटते, लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेला, हृदयाची माइट्रल झडप आकसलेली नाहीतर बदललेली, घरी विड्या वळते नाहीतर दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तिला नव्या गोळ्या चालत नाहीत, आणि का चालत नाहीत हे पोरांना ठाम माहिती पाहिजे. मेकॅनिकल, म्हणजे मेटलच्या झडपेवर डॅबिगॅट्रान ही नवी गोळी देऊन बघितली ती री-अलाइन ट्रायल २०१३ साली छापून आली, त्यात गुठळ्या पण जास्त झाल्या आणि रक्तस्राव पण, म्हणून ती मधेच थांबवली. संधिवाती हृदयविकार आणि एट्रियल फिब्रिलेशन असणाऱ्यांवर रिव्हारोक्साबॅनची इन्व्हिक्टस ट्रायल २०२२ ला आली, त्यात जुन्या व्हिटॅमिन के विरोधी, म्हणजे वॉर्फरिनच्या जातीच्या गोळ्याच सरस ठरल्या. तेव्हा "मॅडम, नवीन गोळीला आयएनआर लागत नाही, ती का देत नाहीत" या प्रश्नाचं उत्तर हे आहे, आणि ते पोरांनी पेशंटच्या मुलाला सोप्या मराठीत सांगता आलं पाहिजे, कारण तो यूट्यूब बघून येतो.

दुसरं, पुस्तकात सगळीकडं वॉर्फरिन, आणि आपल्याकडच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा असिनोकूमॅरॉल, म्हणजे लोकांच्या तोंडी ॲसिट्रॉम. दोन्हींचं काम सारखं पण चाल वेगळी. वॉर्फरिनचा हाफ लाइफ, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण ४० तास, असिनोकूमॅरॉलचा ८ ते ११ तास. त्यामुळं ॲसिट्रॉमची एक गोळी चुकली की परिणाम लवकर दिसतो. आणि मिलिग्रॅमला मिलिग्रॅम अशी अदलाबदल होत नाही, वॉर्फरिन साधारण दुप्पट लागतं. दुकानात एक संपली म्हणून "हे घ्या, तेच आहे" म्हणत दुसरी देणं हा जिवाशी खेळ आहे, हे वाक्य मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते.

तिसरा घोळ नावाचा. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, ॲसिट्रॉम, सगळ्यांनाच लोक "रक्त पातळ व्हायची गोळी" म्हणतात. पहिल्या दोन प्लेटलेटवर काम करतात, त्यांना आयएनआरशी देणंघेणं नाही. पेशंट म्हणाला रक्त पातळची गोळी चालू आहे, की पोरानं पुढं विचारायचं, पट्टी बघू. हा प्रतिक्षिप्त प्रकार झाला पाहिजे.

पायरी २ : औषध कसं चालतं ते एकाच तासात, पण नीट

फळ्यावर रक्त गोठवणारे फॅक्टर २, ७, ९, १० आणि गुठळी रोखणारे प्रोटीन सी, एस लिहा, हे सगळे व्हिटॅमिन के वर बनतात आणि गोळी तेच अडवते, आणि समोर फक्त तीन हाफ लाइफ मांडा. फॅक्टर ७ चा साधारण ६ तास, प्रोटीन सी चा ८ तासांच्या आसपास, फॅक्टर २ म्हणजे प्रोथ्रॉम्बिनचा ६० ते ७२ तास. मग पोरांनाच विचारा, गोळी सुरू करून दोनच दिवस झाले आणि आयएनआर २.१ आला, तर पेशंट सुरक्षित झाला का? विचार करू द्या. आयएनआर वर गेला तो फॅक्टर ७ लवकर संपला म्हणून, प्रोथ्रॉम्बिन अजून शिल्लक आहे, शिवाय गुठळी रोखणारं प्रोटीन सी पण कमी झालंय, म्हणजे सुरुवातीचे दिवस उलट जोखमीचे. पायातल्या शिरेत गुठळी झालेल्या पेशंटला हेपरिनचं इंजेक्शन कमीत कमी ५ दिवस आणि आयएनआर २ च्या वर निदान २४ तास टिकेपर्यंत सोबत का चालू ठेवतात, हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

इथंच उंदराच्या औषधाचा विषय पण काढा. अमेरिकेत कुजलेलं गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावानं मरायला लागली, त्यातून विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंकच्या प्रयोगशाळेत डायकूमॅरॉल वेगळं केलं, पुढं वॉर्फरिन आधी उंदरांसाठी आणि मग १९५० च्या दशकात माणसांसाठी वापरात आलं. हे सगळं खरं आहे आणि कुणीतरी पेशंटला व्हॉट्सॲपवर पाठवतंच, मग गोळी बंद होते. पोरांनी हो खरं आहे म्हणायचं, आणि पुढं सांगायचं की सगळा खेळ मात्रेचा आहे, म्हणूनच तर तुमचं रक्त तपासून तुमची मात्रा ठरवतो. खोटं सांगून दडपायचं नाही.

पायरी ३ : विचारायला शिकवा, आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या मते एकूण तासांतले निम्मे इथं गेले तरी चालतील. वर्गात मी एक केस बनवून ठेवलीय, एक पोरगी पेशंट होते, एक पोरगा फार्मासिस्ट. पेशंट म्हणजे अक्कलकोटकडची मावशी, माइट्रलला मेकॅनिकल झडप, आयएनआर हवा २.५ ते ३.५, आलाय १.६.

पोरगा विचारतो, "मावशी, गोळी रोज घेता ना?"

"घेते की."

संपलं. पोरगा लिहितो, गोळ्या नियमित, डोस वाढवावा. असा प्रश्न विचारल्यावर "नाही" कोण म्हणेल, मोठ्या माणसाला पोरानं विचारल्यावर तर अजिबात नाही. मग मी दुसऱ्या पोरीला उठवते, तिला आधीच सांगितलेलं असतं की पट्टी हातात घेऊन बोलायचं.

"मावशी, ॲसिट्रॉमची पट्टी आणलीय का? बघू बरं. यातली काल कधी घेतली?"

"काल न्हाई घेतली. काल एकादस होती."

"एकादशीला घेत नाही का मावशी?"

"उपासाला कशाला गोळी. उपाशी पोटी इंग्रजी औषध गरम पडतंय."

"मग सोमवारचा पण उपास असतो का तुमचा?"

"सोमवार धरलाय की, गुरवार पण."

आता हिशोब करा. आठवड्यातले दोन वार आणि महिन्यातल्या दोन एकादश्या. डोस कमी नाहीच, गोळ्याच पोटात जात नाहीत. अशा वेळी डोस वाढवला आणि मावशीला कुणीतरी समजावलं की उपासाला पाण्याबरोबर गोळी चालते, तर पुढच्या वेळी वाढवलेल्या डोसच्या सगळ्या गोळ्या पोटात आणि आयएनआर ५. अर्थात १.६ हा आकडा माइट्रल झडपेला धोक्याचाच आहे, त्यामुळं डॉक्टरांना त्याच दिवशी, त्याच तासाला कळवायचं, पण काय कळवायचं? "आयएनआर १.६, उपासाच्या दिवशी गोळी घेत नाहीत, मागच्या दोन आठवड्यांत पाच गोळ्या चुकल्यात." या एका वाक्यानं डॉक्टरांचा निर्णय बदलतो.

प्रश्नांची यादी पाठ करायला लावू नका, मागचे १४ दिवस पेशंटकडून गोष्टीसारखे वदवून घ्या. गोळ्या किती चुकल्या, कोणत्या वारी. नवीन काही सुरू झालं का, यात गोळीच नाही तर इंजेक्शन, पुडी, काढा, तोंडातलं जेल सगळं आलं. ताप, जुलाब, उलट्या, जेवण कमी झालं का. कुठं पडलात का, डोकं आपटलं का. गोळीचा रंग किंवा पाकीट बदललं का, म्हणजे कंपनी किंवा ताकद बदलल्याचं कळतं. वारीला, लग्नाला, ऊसतोडीला बाहेर गेला होतात का. बाईमाणूस असेल तर पाळीत जास्त जातंय का, आणि पाळी चुकलीय का. हा शेवटचा प्रश्न विचारायला पोरं लाजतात, पोरी पण लाजतात. लाजून चालत नाही, कारण गर्भारपणाच्या ६ ते १२ आठवड्यांत वॉर्फरिनच्या जातीची गोळी बाळाला इजा करू शकते, आणि मेकॅनिकल झडप असताना गोळी परस्पर बंद केली तर आईचा जीव जातो. पाळी आठ दिवस जरी लांबली तरी लगेच या, गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, ही दोन्ही वाक्यं एकत्रच सांगायची. एकटं कुठलंही सांगितलं तर ते अर्धवट आणि घातक.

भाषेचं पण बघा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडं घरात कन्नड, शहराच्या पूर्व भागात तेलुगू, कुठं उर्दू. प्रत्येक बॅचमध्ये या भाषा घरी बोलणारी पोरं असतातच, त्यांची जोडी पेशंटप्रमाणं लावा. मराठीत मान हलवणारी आज्जी कन्नडमध्ये विचारल्यावर सगळं सांगते.

पायरी ४ : आकड्यावर विश्वास ठेवायच्या आधी लॅब दाखवा

अर्धा दिवस पोरांना लॅबमध्ये नेऊन बसवा. निळ्या टोपीची बाटली, आत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट, रक्त नऊ भाग आणि सायट्रेट एक भाग, म्हणून रक्त रेघेपर्यंत भरलंच पाहिजे. कमी भरलं तर आयएनआर खोटा वाढलेला येऊ शकतो. आयएनआर म्हणजे पेशंटचा पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) भागिले नॉर्मल पीटीची सरासरी, आणि त्याचा आयएसआय (लॅबच्या रसायनाचा संवेदनशीलतेचा आकडा) इतका घात, हे गणित पोरांना येतंच, पण आयएसआय चुकीचा टाकला तर काय होईल हे करून दाखवा. एवढं बघितल्यावर ती पेशंटला आपण होऊन सांगतात की शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा.

पायरी ५ : खाणं, आणि "पालेभाजी बंद" हे वाक्य कायमचं बंद

पेशंटला दिलेला सगळ्यात वाईट सल्ला कोणता असेल तर पालेभाजी खाऊ नका. मेथी, पालक, शेपू, चाकवत, अंबाडी, कोथिंबीर, हरभऱ्याचा पाला यात व्हिटॅमिन के भरपूर, हे बरोबर. पण जिच्या ताटात भाकरीबरोबर स्वस्तात मिळणारी एवढीच भाजी आहे तिला ती बंद करायला सांगून आपण काय साधतो? वर, व्हिटॅमिन के अगदीच कमी खाणाऱ्यांचा आयएनआर जास्त हेलकावे खातो. सांगायचं ते असं की आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा, एकदम वाढवू नका, एकदम तोडू नका. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही, वांगं याची चिंता नाही.

मग पोरांना आपल्या भागाचं वर्ष मांडायला लावा, हा प्रकल्प मला फार आवडतो. मार्गशीर्षात वेळा अमावस्येला शेतात भज्जी होते, पालेभाज्या आणि ओले दाणे घातलेली, एका दिवसाच्या भज्जीनं काही बिघडत नाही, पण त्याच सुमाराला मेथी-हरभरा स्वस्त होऊन रोज ताटात यायला लागतो, तो महिनाभराचा बदल आयएनआरमध्ये दिसू शकतो. श्रावणात उपास वाढतात, जेवण घटतं. आषाढीला पायी चालणं, बाहेरचं खाणं, जुलाब, चुकलेल्या गोळ्या. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, अंगातलं पाणी कमी होतं, ज्यांची किडनी आधीच कमी चालते आणि नव्या गोळ्या चालू आहेत त्यांना हे महत्त्वाचं. आणि तेल विचारा. घरात शेंगतेल होतं आणि आता सोयाबीन आलं, तर सोयाबीन तेलात व्हिटॅमिन के बऱ्यापैकी असतं, शेंगतेलात अगदी थोडं. कुणी विचारत नाही हे.

पायरी ६ : काउंटरवरचे धोके

इंटरॅक्शनची शंभर औषधांची यादी देऊन उपयोग नाही. आपल्या गल्लीत रोज विकली जाणारी दहा-बारा पक्की करा. आयएनआर वाढवणारी म्हणजे मेट्रोनिडाझोल आणि त्याचे भाऊबंद, को-ट्रायमोक्साझोल, फ्लुकोनाझोल, सिप्रोफ्लोक्सासिन, अमिओडेरॉन. तोंड आलंय म्हणून बोटावर घेऊन लावायचं मायकोनाझोल जेल पण त्यातच, आणि हे पोरांना खरं वाटत नाही कारण ते "नुसतं लावायचं" असतं. पॅरासिटामॉल चालतं, पण रोज २ ग्रॅमच्या वर बरेच दिवस घेतलं तर तेही वाढवू शकतं. कमी करणाऱ्यांत आपल्याकडं सगळ्यात मोठं नाव रिफाम्पिसिन, टीबीची गोळी सुरू झाली की डोस बराच वाढवावा लागतो, आणि टीबीचा कोर्स संपल्यावर तो परत कमी करायची आठवण कुणी ठेवायची? फार्मासिस्टनं. सहा महिन्यांनंतरची ती तारीख आजच रजिस्टरला लिहून ठेवायची. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन पण विचारून घ्या.

डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक हा वेगळाच विषय. आयएनआर फारसा न हलता पोटातून रक्त जाऊ शकतं. गुडघा दुखतो म्हणून गावात जाऊन कमरेत इंजेक्शन घ्यायची सवय आहे, रक्त पातळ असलेल्या माणसाला स्नायूत सुई म्हणजे आत रक्ताचा गोळा साठायची भीती. "कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तरी आधी सांगा, मी रक्त पातळची गोळी घेतो, कमरेत इंजेक्शन नको" हे वाक्य पेशंटकडून म्हणून घ्या. आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, त्यात स्टिरॉइड नाहीतर पेनकिलर मिसळलेलं सापडतं, त्या सोडायला सांगताना रागवू नका, रागावलं की पुढच्या वेळी लपवतात.

पोरांकडून सराव असा घ्या. तुम्ही गिऱ्हाईक व्हा, जुलाबाची गोळी मागा, घाई करा, "लवकर दे बाळा, एसटी चुकंल" म्हणा. त्या गडबडीत पोरगं विचारतं का, घरात कुणासाठी, त्यांना दुसरी कुठली गोळी चालू आहे का? शांत वर्गात सगळेच विचारतात. पुढं चार गिऱ्हाइकं उभी असताना विचारणारा खरा तयार झाला.

पायरी ७ : आता डोसचा हिशोब

प्रश्न विचारून झाले, गोळ्या खरंच नियमित आहेत, नवीन औषध नाही, खाणं तेच आहे, आणि तरी आयएनआर कमी आहे, तेव्हाच तक्ता उघडायचा. हिशोब नेहमी आठवड्याच्या एकूण डोसवर, बदल साधारण ५ ते २० टक्क्यांत. समजा रोज २ मिलिग्रॅम ॲसिट्रॉम, म्हणजे आठवड्याला १४. सोमवार आणि गुरुवार ३ मिलिग्रॅम, बाकीचे पाच दिवस २, झाले १६, म्हणजे साधारण १४ टक्के वाढ. आठवड्याभरानं परत तपासणी. दोन जास्तीचे दिवस शेजारी-शेजारी घेऊ नका, अंतर ठेवा.

डॉक्टरांनी ठरवलेलं पेशंटला कसं लिहून द्यायचं यावर वेगळा तास घ्या, कारण इथं फार चुका होतात. मिलिग्रॅम आणि गोळ्या दोन्ही लिहा. "२॥" असं लिहिलं की अडीच मिलिग्रॅम की अडीच गोळ्या हे घरी कुणालाच कळत नाही. अर्धा मिलिग्रॅम ०.५ असाच लिहा, आधीचं शून्य गाळायचं नाही, आणि २ च्या मागं उगाच पॉइंट शून्य जोडायचं नाही, पॉइंट पुसला की वीस होतात. "एक दिवसाआड" पेक्षा वार लिहा, वार चुकत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जास्तीच्या दिवसाला लाल गोल करून द्या आणि घेतल्यावर फुली मारायला सांगा. घरात शक्यतो एकाच ताकदीची पट्टी असावी, १ ची आणि ४ ची एकाच डब्यात म्हणजे कधीतरी गोंधळ होणारच. गोळी संध्याकाळची ठेवलेली बरी, सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला, डोस बदलला तर त्याच दिवशी लागू होतो.

आयएनआर वाढलेला असेल तर पोरांचा हात लगेच व्हिटॅमिन के कडं जातो. रक्तस्राव नसेल आणि आयएनआर ४.५ ते १० मध्ये असेल तर ते सरसकट देत नाहीत, डोस थांबवून लवकर परत तपासतात. १० च्या वर गेला तर रक्तस्राव नसला तरी तोंडावाटे थोडं देतात. आणि रक्तस्राव चालू असेल तर आकडा कितीही असो, कॅज्युअल्टी. मेकॅनिकल झडपेच्या पेशंटला व्हिटॅमिन के जास्त झालं तर पुढं कित्येक दिवस गोळी लागूच पडत नाही आणि झडपेला गुठळीपासून संरक्षण राहत नाही, हे समजलं म्हणजे पोरगं घाई करत नाही.

पायरी ८ : नव्या गोळ्या म्हणजे सोप्या गोळ्या नव्हेत

आयएनआर लागत नाही म्हणून यांच्याकडं लक्ष कमी दिलं जातं. मी एकच केस देते. ७८ वर्षांच्या आज्जी, वजन ४८ किलो, एट्रियल फिब्रिलेशन, झडपा चांगल्या, क्रिएटिनिन १.१. रिपोर्टवर नॉर्मल लिहिलेलं असतं. आता कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट, म्हणजे किडनीचा क्लिअरन्स (ती किती काम करते) काढायचं सूत्र लावा, १४० वजा ७८ म्हणजे ६२, गुणिले ४८, भागिले ७२ गुणिले १.१, बाई म्हणून गुणिले ०.८५, उत्तर येतं ३२ च्या आसपास. "नॉर्मल" किडनी ३२ वर निघाली की वर्ग एकदम शांत होतो.

मग विचारा, रिव्हारोक्साबॅन किती? क्लिअरन्स ५० च्या खाली, म्हणून २० ऐवजी १५, जेवणाबरोबर. अपिक्साबॅन किती? तिथं नियम वेगळा, वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिनांतले दोन असतील तरच ५ चं २.५ करायचं. आज्जींकडं फक्त वजनाचा एक मुद्दा, म्हणजे पूर्ण ५ मिलिग्रॅम दोन वेळा. एकाच आज्जीला एक गोळी कमी आणि दुसरी पूर्ण. उगाच भीतीपोटी २.५ लिहिलेलं दिसलं तर ते डॉक्टरांच्या नजरेला आणून देणं हे पण फार्मासिस्टचं काम, कमी डोसमध्ये पक्षाघाताचा धोका असतो. यासाठी वजन काटा लागतो, "साधारण पन्नास असेल" चालत नाही.

डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडायची नाही आणि मूळ पाकिटातून काढून डबीत भरून ठेवायची नाही, दमटपणा चालत नाही तिला. या सगळ्यांचा असर गोळी बंद केली की दिवसा-दोन दिवसांत उतरतो, त्यामुळं पगार होईपर्यंत आठ दिवस गोळी नाही असं होऊ द्यायचं नाही. परवडतंय का हे सुरुवातीलाच विचारा.

पायरी ९ : पेशंटकडून परत म्हणून घ्या

समजलं का असं विचारू नका, हो म्हणतात. "काकू, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, मला सांगा बरं" असं विचारा. गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्यायची, दुसरा दिवस उजाडला तर सोडून द्यायची, दोन एकदम नाहीत. हा नियम दिवसातून एकदाच्या ॲसिट्रॉम-वॉर्फरिनचा, नव्या गोळ्यांचा पाकिटातल्या माहितीपत्रकावरून वेगळा सांगा. शी डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची झाली तर या, लोहाच्या गोळीनं पण काळी होते पण ती अशी चिकट नसते, हा फरक पोरांनी सांगायचा. लघवी लालसर, हिरड्यातून थांबत नाही असं रक्त, डोक्याला मार लागला तर बाहेरून काही दिसत नसलं तरी या. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं तर एक मिनिट थांबू नका. आणि मेटलच्या झडपेच्या पेशंटला रात्री शांततेत छातीतली टकटक ऐकू येते, ती दबली, बंद पडल्यासारखी वाटली किंवा दम लागायला लागला तर लगेच हॉस्पिटल. हे बऱ्याच पेशंटना कुणी सांगितलेलंच नसतं. दात काढायचाय म्हणून स्वतःहून गोळी बंद करायची नाही, दातवाल्यांना आधी सांगायचं, ते आणि आपले डॉक्टर मिळून ठरवतात.

पायरी १० : परीक्षा आणि रजिस्टर

लेखी परीक्षेत हे कळत नाही. तीन टेबलं लावा, एकावर पेशंटशी बोलणं, एकावर चिठ्ठी आणि हिशोब, एकावर गिऱ्हाइकाची घाई. मार्क कितीही पडू देत, काही चुका मात्र सरळ नापास. पट्टी न बघता डोस सुचवणं, ॲसिट्रॉमच्या जागी वॉर्फरिन देणं, पाळीचा प्रश्न गाळणं, रक्तस्राव ऐकून पण घरी पाठवणं. हे आधीच सांगून ठेवा म्हणजे कुणाची तक्रार राहत नाही.

पेशंटचा आयएनआर किती काळ हव्या त्या टप्प्यात राहिला ते मोजायला रोझेन्डालची पद्धत हातानं करायला लावा. आयएनआर १.६ होता, २४ दिवसांनी २.८ आला, हवा २ ते ३. रोज ०.०५ नं चढला असं धरलं तर पहिले ८ दिवस बाहेर, पुढचे १६ आत, म्हणजे ६७ टक्के. ६५ ते ७० च्या वर असलं तर ठीक चाललंय, खाली असलं तर पायरी ३ वर परत जायचं.

रजिस्टरला नाव, कशासाठी गोळी, किती आयएनआर हवा, कोणती गोळी किती ताकदीची, आठवड्याचा डोस, पुढची तारीख आणि फोन कुणाचा, एवढे रकाने बास. फोन शेजाऱ्याचा असेल तर तसं लिहा आणि पेशंटची परवानगी घेऊनच करा. रजिस्टर कपाटात, कुलपात. दर सोमवारी एका पोराकडं काम द्या, मागच्या आठवड्यात तारीख असून कोण आलं नाही ते काढायचं आणि फोन करायचा. इंटर्नची बॅच बदलते तेव्हा सगळ्यात जास्त पेशंट हातातून सुटतात, म्हणून जुन्या बॅचनं नव्या बॅचला प्रत्येक पेशंट नावानिशी समजावून द्यायचा, रजिस्टर पुढं ठेवून, आणि त्या दिवशी दुसरा कुठलाच तास लावायचा नाही.